नाकाला दुपट्टा बांधून

आमच्या घरी बसलेला कावळासुद्धा पांढरा होऊन उडत असे. भातकुलीकडून अमरावतीत शिरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी बाबांची पिठाची चक्की होती आणि चक्कीच्या पाठीला चिकटून आमच्या दोन खोल्या. मध्ये दार होतं, पण पीठ दाराला जुमानत नाही. ते उशीत असे, पाण्याच्या पितळी गुंडात असे, आणि माझ्या भूगोलाच्या पुस्तकात तर इतकं असे की वऱ्हाडात बारा महिने बर्फ पडलेला. शाळेत गेले की बाई आधी मला झटकायच्या आणि मग फळा पुसायच्या. सकाळी चक्की सुरू झाली की फळीवरची भांडी चालायला लागत. डाव्या टोकाला ठेवलेला पेला संध्याकाळी उजव्या टोकाला सापडे. माय म्हणे, बरं आहे, चुलीजवळ यायला त्याला हात लावावा लागत नाही. त्या घरघराटात आम्ही सगळे एवढ्या मोठ्याने बोलायला शिकलो की आमच्या घरातलं गुपित बडनेऱ्याच्या फलाटावर ऐकू जाई. आज माझा मुलगा चारचौघांत म्हणतो, "आई, हळू बोल, लोक बघताहेत." मी म्हणते, बघू दे, याच आवाजावर तुझी फी भरली गेली आहे.

देवाने मला उंची दिली नाही, रंग दिला नाही, गणित तर दाखवलंसुद्धा नाही. सगळा माल नाकात भरला. डोळे मिटून मी सांगत असे की आत्ता चक्कीत पडलेली ज्वारी कोणाच्या घरची, त्या घरी काल वांगं झालं की अंबाडीची भाजी, आणि नवराबायकोचं बोलणं सुरू आहे की बंद. शेवटचं सांगायला नाक लागत नसे, दळणाचा डबा कोण घेऊन आलं एवढं पाहिलं की कळे, पण ते गिऱ्हाइकांना कशाला सांगायचं? दुपारी चक्की थांबे, आणि त्या शांततेत आमचे कान शिट्ट्या वाजवत. मग माय गरम पिठाची भाकर थापायची. चक्कीवाल्याच्या घरात पीठ थंड होऊन कधी येतच नाही. भाकर, तिच्यावर तेल सोडलेला ठेचा आणि हाताने फोडलेला कांदा. त्या भाकरीसाठी समोरच्या लिंबावरचे राघू मराठी शिकले होते, यापेक्षा जास्त काय सांगू?

पण आमच्या जेवणातली पाहण्यासारखी गोष्ट होती ती मायचं मीठ टाकणं. चिमूट उचलायची, हात पार कपाळापर्यंत वर न्यायचा आणि तिथून सोडायची, देवावर अक्षता टाकाव्यात तशी. अर्धं मीठ चुलीत तडतडे. बाबांना त्याचं कारण ठाऊक होतं. लग्न होऊन माय भातकुलीजवळच्या आमच्या गावी, एकत्र घरात आली, तेव्हा स्वयंपाकाची चूल तिच्या हाती आली, पण मिठाचं मडकं नाही. ते मोठ्या आईंकडे, म्हणजे तिच्या जाऊबाईंकडे. माय रांधायची, ढवळायची, उतरवायची, आणि मग मोठ्या आई सोप्यातून उठून येत, पदराखालून मडकं काढत आणि मीठ टाकून जात. भाजी चांगली झाली की ती मोठ्या आईंची, बिघडली की मायची. मी रांगायला लागेपर्यंत मायने आपल्या हाताने मीठ टाकलं नव्हतं. शेवटी बाबांनी वाट्याची काळी जमीन मोठ्या भावाच्या हवाली केली आणि एक जुनी चक्की घेऊन ते अमरावतीला आले. लोक समजत की त्यांना धंद्याची हौस. धंदा बायकोच्या चिमटीसाठी काढलेला होता. मायने निघताना सांगितलं होतं म्हणे, की आता त्या घरी पाव्हणी म्हणून येईन, रांधायला येणार नाही.

तर अशा आमच्या सुखात अकोलेवाली आली. तिचं नाव कमलबाई. नवऱ्याची बदली झाली म्हणून अकोल्याहून इकडे आली आणि आमच्या पलीकडच्याच मोडीवर, म्हणजे रस्त्याच्या वळणावर, तिने पत्र्याचं दुकान टाकलं. आत एक दळायची चक्की, आणि तिच्या शेजारी अकोल्याहून आणलेलं मिरची कांडायचं यंत्र. दोन लोखंडी मुसळं आळीपाळीने उखळात पडत. ठक्क ठक्क, ठक्क ठक्क. आमची चक्की ओरडायची आणि तिचं कांडप बोलायचं, एवढाच फरक, पण फाल्गुनापासून सगळ्या बायका ते बोलणं ऐकायला जाऊन बसल्या. वर्षाचं तिखट, वर्षाची हळद. आणि तिखटाला आलेल्या बाईच्या दुसऱ्या हातात दळणाचा डबा असायचाच. तो ती परत कशाला आणील? आमच्या दारातली डब्यांची रांग रोज एका डब्याने आखडत गेली. चक्की इतका वेळ बंद राहू लागली की फळीवरचे पेले जागच्या जागी उभे राहिले आणि मायला एका सकाळी पेला डाव्या टोकाला शोधावा लागला. ते तिला फार लागलं.

बाबा दोनदा त्या मोडीवरून फिरून आले. एकदा सायकलची हवा तपासत, एकदा चप्पल तुटल्याचं सोंग घेऊन. आले आणि म्हणाले, "काई नाई तिथं. लोकाईले तिखट पायजे, एवढंच. आपन बी दयून देऊ." आणि त्यांनी पिठाच्या चक्कीत मिरच्या टाकल्या.

त्या दिवसाचं वर्णन मी आजवर बरेचदा केलं आहे आणि दर वेळी ते थोडं वाढतं, तेव्हा वाचकांनी आपल्या हिशेबाने कमी करून घ्यावं. चक्की फिरली आणि सगळा रस्ता शिंकायला लागला. टांग्याचा घोडा शिंकला, पोस्टमन शिंकला, समोरच्या देवळातला पुजारी आरतीच्या मधोमध अडकला आणि लोकांनी ती शिंकतच पूर्ण केली. तिखट बाहेर पडलं ते काळपट आणि गरम. दगडात जळलेलं. मिरच्या आणणारी बाई ते पाहून म्हणाली, "हे तिखट हाये का राखुंडी?" बाबांनी तिला घरचं तिखट भरपाई म्हणून दिलं, चक्की झाडली, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली, दोन सुपं कोंडा फिरवून काढला आणि हात धुतले. त्यांच्या मते चक्की स्वच्छ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाहून मोठ्या बाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा, माणूस गव्हाचं पोतं घेऊन आला. अखजी तोंडावर होती. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला अखजी म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावाने मातीची घागर भरायची, पुरणपोळी आणि आंब्याचा रस करायचा, आणि एका माणसाला पितर म्हणून जेवायला बसवायचं. दारात तीन-चार डबे आधीपासून लागलेले होते. पण बाबांचा एक नेम होता, मोठ्या भावाचं दळण रांगेत थांबत नाही. सगळे डबे मागे सारून त्यांनी भावाचे गहू पहिले टाकले. मान म्हणून. आणि दगडाच्या बारीक खाचांमध्ये जे काही तिखट दडून बसलं होतं, ते सगळं त्या मानाच्या गव्हाने धुऊन नेलं. मागून दळलेल्या डब्यांत ठसका म्हणून नव्हता. बाबांनी भावाला इतर गिऱ्हाइकांसारखं रांगेत उभं केलं असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती आणि मी कुठे तरी शिक्षिका होऊन निवृत्त झाले असते.

पीठ लालसर होतं, पण बन्सी गहू लालसर असतोच, म्हणून मोठ्या आईंना काही वाटलं नाही. कणीक मळताना हातांची आग झाली, ती त्यांनी उन्हावर घातली. त्या वर्षी पितर म्हणून गावातले एक म्हातारे गुरुजी बसवले होते, माझ्या आजोबांच्या नावाने. पितराने पानातल्या अन्नाला नाव ठेवायचं नसतं. गुरुजींनी पहिली पोळी खाल्ली आणि तूप मागितलं. दुसरी खाल्ली आणि आणखी तूप मागितलं. तिसऱ्या पोळीला त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मोठे बाबा गहिवरले, बाप भेटीला आला असं त्यांना वाटलं. मग ते स्वतः पानावर बसले आणि त्यांनी पहिला घास घेतला.

ते तिसऱ्या प्रहरी आमच्या दारात उभे राहिले. हातात फडक्यात बांधलेल्या पोळ्या. फडकं बाबांच्या पुढे ठेवलं. "पुंडलिक, खाय." बाबांनी काही न विचारता एक पोळी घेतली आणि पाणी न मागता सगळी खाल्ली. मी दाराआडून पाहत होते. त्यांचे कान आधी लाल झाले, मग जांभळे, मग मला वाटतं त्यांच्यातून थोडा धूर निघाला.

"कशी हाये?"

"तिखट हाये, दादा."

"बाप जेवून राहिला आपला, आन त्याले मिरची? काहून बे? चक्की चालवता येत नाई तं बंद कर. पन्नास लोकाईत माह्यं तोंड काय राह्यलं? ते लोखंड इकून टाक आन गावाले ये. जमीन हाये, घर हाये. वहिनी हाये तुयी, दोन घास तिच्या हाताखाली कोनाले जड नाई."

बाबा म्हणाले, "दादा, एक वर्स दे." त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच बारीक ऐकला. मोठे बाबा दुष्ट नव्हते, हे मला आता कळतं. त्यांनी फडकं झटकून खांद्यावर टाकलं. "पुढच्या अखजीपर्यंत धंदा चालला तं तू इथं, नाई तं तिथं. घागर भरून झाली का मी बैलगाडी धाडतो." ते गेले. माय चुलीपाशी होती. तिने भाजीत मीठ टाकलं, पण हात वर गेला नाही, पातेल्याच्या काठाशीच सोडलं. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन, आणि त्या घरात काय पणाला लागलंय ते मला त्या चिमटीवरून समजलं.

दुसऱ्या दिवसापासून ज्याला त्याला युक्त्या सुचू लागल्या. कोणी म्हणालं, तिच्या तिखटात विटेचा भुगा आहे अशी आवई उठवा. कोणी म्हणालं, रात्रीतून तिच्या यंत्राचा पट्टा कापा. बाबांनी हे दोन्ही ऐकून घेतलं आणि धुडकावलं, पण त्यांना माझं नाक आठवलं. "चंदा तिच्या भिंतीमांगं उभी राह्यली तं सांगीन ना, कशात काय टाकते ते." मला मान वाटला. मी उठलेसुद्धा. माय म्हणाली, "माही पोट्टी कुत्रं हाये का?" आणि तिने कोपऱ्यातलं मिरच्यांचं गाठोडं उचललं, मला दुसरं दिलं आणि भर दुपारी, डोक्यावर नीट पदर घेऊन, समोरच्या रस्त्याने कमलबाईच्या दुकानात गेली.

दुकानात बाजेवर आणि पोत्यावर बायका बसलेल्या. प्रत्येकीचे डोळे आपापल्या मिरच्यांवर. कमलबाई लठ्ठ नव्हती, पण तिचा आवाज लठ्ठ होता. मायने गाठोडं खाली ठेवलं.

"कमलबाई, मी तिकडच्या चक्कीवाल्याची बायको."

"ओयखतो ना मी. आजपर्यंत पाय नाई लागले तुमचे."

"काम नव्हतं पडलं. आता पडलं. ह्या मिरच्या कांडून द्या, काय होते ते घ्या. आन तुमी कांडतानी मी पाहीन. घरच्या तिखटासाठी नाई, धंदा कराले पाहीन. आंधीच सांगून देतो."

सगळ्या बायकांचे डोळे मिरच्यांवरून उठून मायवर आले. मुसळंसुद्धा वरच्या वर थांबली, असं मी सांगत आले आहे, आणि आता या वयात ते बदलणार नाही.

"चोरून काहून नाई पाह्यलं?" कमलबाईने विचारलं. "चार जन येऊन गेले आजवर. एक जन तं डोक्यावर टोपली घेऊन केळं इकाले आला. तोंडानं केळं केळं, आन डोये सारे मुसयावर."

"आमचे हे बी चोरून पाहून गेले ना," माय म्हणाली. "त्याईले मुसय दिसलं नाई. गर्दी दिसली."

कमलबाई हसायला लागली. "म्हनून पुरनाच्या पोया तिखट झाल्या वाट्टे?" म्हणजे ती बातमी भातकुलीहून अमरावतीला आमच्या आधी पोचली होती. बाजेवरच्या सगळ्या बायका हसल्या. मायही हसली, आणि मग कमलबाईने पोत्यावरची एक बाई सरकवली. "बसा, वहिनी. पन फुकट नाई शिकवत मी. माह्या चक्कीच्या पिठाच्या भाकरी फाटून राहिल्या. तिखट माह्याकडं कांडते आन दोन दिवसानं जवारीचा डब्बा घेऊन तुमच्या दाराकडं पाह्यते लोकं. तुमच्या मालकाले म्हना, माह्या दगडाले टाकी लावून द्या. आन कशी लावाची ते मले शिकवा."

"देतील," माय म्हणाली. बाबांना विचारायचं तिला आठवलंच नाही.

"आन एक. तिखट शिका, हयद शिका. मसाला नाई. मसाला माह्या मायचा हाये. त्याच्याकडं नाक न्यावाचं नाई." हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या नाकाची कीर्ती त्या मोडीपर्यंत गेली होती याचा मला आजही आनंद होतो.

त्या दुपारी माय जे शिकली ते एका मुठीत मावेल एवढं होतं. मिरच्या उन्हात कडक करायच्या, देठ काढायचे, उखळ तापलं की थांबायचं, घाई केली की तिखट काळं पडतं. कांडतानाच खडे मीठ टाकायचं, तेलाचा हात लावायचा, मग वर्षभर जाळं धरत नाही. त्या यंत्रात मिरची, हळद सोडून दुसरं काही कधीच टाकायचं नाही. आणि सगळ्यात मोठं, गिऱ्हाईक समोर बसवायचं. बाईला स्वतःच्या मिरच्या स्वतःच्या डोळ्यांनी आत जाताना आणि बाहेर येताना दिसल्या पाहिजेत. बाबा म्हणाले होते, तिथं काही नाही. खरंच काही नव्हतं. एक बाज होती.

टाकीवरून मात्र घरात वादळ झालं. चक्कीचे दगड वापरून गुळगुळीत होतात, मग छिन्नीने त्यांच्यावर पुन्हा बारीक टाके घालावे लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. त्यात बाबांचा हात असा होता की पीठ सायीसारखं पडे. आमच्याकडे दुसरं होतं काय? बाबा म्हणाले, "माहा हात देऊन टाकू तिले? उद्या ते बाई आपलं दयन बी नेईन."

"नेईन. आपन तिचं तिखट आनू."

"आन तिनं जास्त नेलं तं?"

"तं गावाले जाऊ. मी अयनी, बिनमिठाचं रांधीन, तुमी अयनी खासान."

बाबा छिन्नी घेऊन गेले. पहिल्या दिवशी त्यांनी कमलबाईकडे पाठ करून टाकी लावली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "भाऊ, पाठीकडून काई दिसत नाई बरं," तेव्हा वळले. आणि वळल्यावर मात्र त्यांनी सगळं दाखवलं, मध्यावर खोल, काठाशी उथळ, हात कुठे हलका. घरी येऊन ते जेवले नाहीत. पंधरा दिवसांत तिच्याकडच्या भाकरी फाटायच्या थांबल्या. आमचे आणखी काही डबे गेले. याचं पुढे काही गोड होईल म्हणून मी हे सांगत नाही. गेले ते गेले, त्यातले काही परत आलेच नाहीत.

आमच्याकडे कांडप नव्हतं. कमलबाईच्या भावाकडे, अकोल्याला, तिच्या वडलांच्या वेळचं एक जुनं यंत्र पडून होतं. ते घेऊन जा म्हणाली, पैसे कमावून द्या. ज्येष्ठातल्या उन्हात बाबा आणि मी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरून निघालो. अकोल्याचं ऊन मी नव्याने काय सांगावं? स्टेशनावर उतरलो तेव्हा सावल्यासुद्धा फलाटाखाली जाऊन बसल्या होत्या. शहरभर तेलाच्या घाण्यांचा आणि सरकीच्या ढेपेचा वास, माझ्या नाकाला तर पंगतच. कमलबाईचा भाऊ वसंतराव दारातच भेटला. "बहीन माही येडी झाली का? दुस्मनाले मशीन देऊन राहिली!" असं म्हणत त्याने आम्हाला थंड ताकाचे पेले दिले. मग म्हणाला, यंत्र मागच्या पडवीत आहे, चला. मागच्या पडवीत जायला मधल्या खोलीतून जावं लागे, आणि मधल्या खोलीत मसाला सुरू होता. एक बाई कढईत काही तरी भाजत होती.

बाबा उंबऱ्यावर थांबले. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी त्याचे दोन तुकडे केले, टर्रकन, चांगला दुपट्टा होता. एक माझ्या नाकावर करकचून बांधला, एक स्वतःच्या.

"काय झालं, भाऊ? चक्कीवाल्याले ठसका लागते?" वसंतरावाने विचारलं.

"ठसका नाई. तुमच्या बहिनीनं वासाले मनाई केली हाये."

वसंतराव भिंतीला धरून हसला. "ते बाई बसली अमरावतीत! इथं कोन पाहून राह्यलं तुमाले?"

बाबांनी दुपट्ट्यातून सांगितलं, "पोट्टी पाहून राहिली ना."

आम्ही मधल्या खोलीतून गेलो. बाबा पुढे, मी मागे, त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून, कारण मी डोळेही मिटून घेतले होते, उगीच संशय नको. आणि तिथे बाबांच्या प्रामाणिकपणाचा एक बारीकसा घोटाळा उघडकीला आला. हा तोच दुपट्टा होता, ज्याने त्यांनी मिरची दळल्यावर चक्की पुसली होती. मायकडून तो धुवायचा राहिला होता. चार पावलांत आम्ही दोघं जे शिंकायला लागलो, ते यंत्र उचलताना शिंकलो, हातगाडीवर चढवताना शिंकलो, मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा शिंकत होतो आणि बडनेऱ्याला हमालाने "देव तुमचं भलं करो" म्हणून पैसे कमी घेतले. त्यामुळे त्या मसाल्यात काय होतं हे मी आजही सांगू शकत नाही. जगातला हा एकच वास आहे, जो माझ्या नाकासमोरून गेला आणि मला कळला नाही.

आता माझं नांदगाव पेठेला छोटं युनिट आहे. तिखट, हळद, कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ. परवा एक तरुण आला, म्हणे मॅडम, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. त्याच्या नखांत हळद होती, आणि हळद नखांत जाईल असं कोणतंही कॉलेज माझ्या माहितीत नाही. शर्टाच्या खिशातून फोनचा डोळा बाहेर डोकावत होता. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "धंदा कुठे आहे तुझा?" धामणगावला, म्हणाला, खाली बघून. मग मी त्याला सगळं फिरवून दाखवलं, वाळवणं, कांडप, पॅकिंग, आणि मसाल्याच्या खोलीपाशी आल्यावर त्याच्या हातात एक मास्क ठेवला. त्याला वाटलं स्वच्छतेचा नियम आहे. असू दे. माझा मसाला कमलबाईच्या मसाल्याइतका चांगला नाही, हे मी उघड सांगते, म्हणून माझा मुलगा मला विक्रीच्या बैठकीत बसू देत नाही.

तर अकोल्याहून आल्यावर, पुढच्या फाल्गुनात आमच्या दारात बाज आली. दोन आल्या. दळणाच्या चक्कीला हात न लावता, पलीकडच्या पडवीत अकोल्याचं कांडप बसलं आणि आमच्या रस्त्यावरही ठक्क ठक्क सुरू झालं. सुरुवातीला कोणी येईना, पुरणपोळीची आठवण ताजी होती. मग एक आली, तिने आपल्या मिरच्या आत जाताना पाहिल्या, लालभडक बाहेर येताना पाहिल्या आणि चार जणींना सांगितलं. कमलबाईशी मैत्री झाली असं मात्र नाही. सणाला ती आमच्याकडे आली नाही, माय तिच्याकडे गेली नाही. रस्त्यात भेटल्या तर एकमेकींच्या रांगा विचारायच्या, आणि दोघीही खोटं सांगायच्या. एवढं मात्र होतं, की आमच्यासमोर तिच्या तिखटाला कोणी नाव ठेवलं, तर बाबा त्याला चक्कीचा आवाज दुप्पट वाटेल एवढ्या मोठ्याने गप्प करत.

चैत्र संपत आला तरी आम्हाला कळत नव्हतं की रांग पुरेशी आहे की नाही. अखजीला आठवडा होता. बाबा रोज रस्त्याकडे पाहत, आणि एक दिवस गावाची बैलगाडी खरंच आली. घागर भरायच्या आधीच आली. आत मोठ्या आई बसल्या होत्या, एकट्या, आणि त्यांच्या पायाशी भिवापुरी मिरच्यांचं भलं मोठं पोतं. त्या उतरल्या. त्यांनी चक्की पाहिली, कांडप पाहिलं, बाजेवरच्या बायका पाहिल्या. बाबा सवयीने धावत गेले, रांगेतली गाठोडी मागे सारायला वाकले.

"राहू द्या," माय म्हणाली. तिने हाताने बाजेचं टोक पुसलं. "बाई, इथं बसा. नंबर आला का आवाज देतो. पानी घ्या."

मोठ्या आई बसल्या. त्यांच्या आयुष्यात त्यांना कोणी नंबर दिला नसावा. ऊन चढत गेलं, त्यांच्या आधी एक, मग दुसरी, मग तिसरी बाई उठून गेली. त्या तिखटाच्या धुराळ्यात शिंकत बसल्या आणि उठल्या नाहीत. त्यांचा नंबर आला तेव्हा पोतं उघडून त्यांनी मिरच्या स्वतः निवडून दाखवल्या, देठ एकही नाही. मुसळं पडायला लागली. लाल भुकटी उखळाच्या काठाशी आली. मोठ्या आई वाकून पाहत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि मायला विचारलं, "सुमन, मीठ किती लागन वं ह्याच्यात?"

कांडप बंद नव्हतं, चक्की चालू होती, आणि तरी ते मला बडनेऱ्यापर्यंत ऐकू गेल्यासारखं वाटलं. मायने खड्या मिठाच्या मडक्यात हात घातला, मूठ भरली, हात कपाळापर्यंत वर नेला आणि सोडली.

त्या अखजीला बैलगाडी आली नाही.